डोळ्यातला ओपल

झ्वोन्कोच्या उजव्या डोळ्याचा ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी गावात असा दरारा होता, की खाणीतले ओपलचे मौल्यवान खडे त्याला पाहून आपणहून रंग दाखवायचे. डावा डोळा लहानपणापासून मंद, नुसता जोडीला ठेवलेला. कुणाला खडा सापडला की तो आधी झ्वोन्कोकडे यायचा. झ्वोन्को खडा उन्हात फिरवून सांगायचा, "हिरवा आहे, पण पोटात लाल लपलाय." कापला की लाल निघायचाच. एकदा तर म्हणे त्याने पाठमोरं बसून, मानेला लागलेल्या उबेवरून रंग ओळखला. हे पाहणारा अजून कुणी भेटलेला नाही, सांगणारे मात्र पुष्कळ.

त्या दिवशी भुयारात तो छिन्नीवर हातोडा हाणत होता. टणकन आवाज आला, उजव्या डोळ्यात काहीतरी टोचलं आणि कोपऱ्यात हिरवे-निळे दिवे नाचू लागले. वर येऊन त्याने आपल्या जुन्या ग्रीक भागीदाराला सांगितलं,

"लेफ्टेरिस, डोळ्यात ओपल गेला."

लेफ्टेरिसने कॉफी खाली ठेवली. "आपल्या खाणीतलाच ना?"

"नाहीतर काय, बाजारातून आणला?"

"मग निम्मा माझा."

या गावात भागीदारीला कागद लागत नाही. खाणीतून निघेल ते निम्मं-निम्मं, मग ते कुठूनही निघो.

काढायची घाई झ्वोन्कोला नव्हती. ओपल काही गंजत नाही. शिवाय ते दिवे बघत बसायला बरं वाटायचं. गावभर मिरवून झालं. मग एका दुपारी हातातल्या खड्यातला लाल त्याला तपकिरी दिसला, आणि तो डॉक्टरकडे जायला निघाला.

अ‍ॅडलेडपर्यंत गाडी लेफ्टेरिसनेच हाकली. "माझ्या निम्म्यावर लक्ष नको?"

डोळ्यांच्या डॉक्टर पॅस्कोबाईंनी स्कॅन पाहिला. "हातोडा कशावर मारत होतात?"

"छिन्नीवर. पण उडाला तो ओपल."

"ही छिन्नीची कपची आहे. पोलाद."

"बाई, मी जन्मभर ओपल बघतोय."

"बाहेरून. डोळ्याच्या आतलं मी बघते. हे पोलाद आत गंजतंय, आणि गंज तुमचा पडदा खातोय. आज काढलं तर नजर वाचेल. रंगांचं वचन देत नाही."

"आणि नाही काढलं तर?" लेफ्टेरिसने विचारलं.

"सगळंच जाईल."

झ्वोन्कोने लेफ्टेरिसकडे बोट दाखवलं. "काढा. ओपल निघाला तर निम्मा याचा."

"पोलाद निघालं तर?" बाईंनी विचारलं.

"तेही निम्मं," लेफ्टेरिस म्हणाला. "खाणीतलंच आहे."

डोळा बधिर केला होता, तरी आतल्या सावल्या झ्वोन्कोला दिसत होत्या. वरून एक काळी दांडी हळूच उतरली, भुयाराच्या छतातून ड्रिल उतरतं तशी. आज खडकाच्या जागी तो स्वतः होता. आपण खडकाला कधी एवढ्या हळुवार हाताने लागलो का, असं त्याच्या मनात आलं. बाई आतला दाट रस घाई न करता बाजूला काढत होत्या. मग चुंबक आलं. ओपल असेल तर जागचा हलणार नाही. त्याने श्वास रोखला. एक काळा ठिपका थरथरला आणि उडी मारून चुंबकाला चिकटला.

"पोलाद," झ्वोन्कोच म्हणाला.

"बोलू नका, डोळा हलेल."

ती कपची आता लेफ्टेरिसच्या फळीवर बाटलीत आहे. गावातल्या गप्पांमध्ये ती वाढत वाढत कुदळीएवढी झाली आहे.

पट्टी निघाल्यावर पहिला खडा आला. झ्वोन्कोने तो उन्हात फिरवला. "हिरवा आहे," तो म्हणाला आणि थांबला. खड्याच्या पोटात काहीतरी होतं. लाल की तपकिरी, ते त्याला कळेना. खडा आणणारा माणूस जमिनीकडे बघू लागला.

"पोटात लाल आहे," मागून लेफ्टेरिस म्हणाला.

"तुला काय कळतं लालमधलं?"

"इतकी वर्षं तुझंच ऐकतोय ना. हिरवं तू सांग, लाल मी सांगतो. निम्मं-निम्मं."

झ्वोन्कोने खडा अजून एकदा डोळ्याजवळ नेला. मग तो लेफ्टेरिसच्या हातात ठेवला.

"मग नीट फिरव तरी," तो म्हणाला. "लाल एकाच बाजूने बघून सांगायचा नसतो."