शिंपीकाकांच्या हृदयाची दोन चित्रं

सभागृहात खुर्च्या चारशे आणि माणसं सहाशे. उरलेली दोनशे भिंतींना टेकून, पायऱ्यांवर, दारात उभी. कुणी ऑक्सिजनचं नळकांडं चाकांच्या गाडीवर ओढत आणलेलं, तर कुणी थांबत थांबत जिना चढून आलेलं. समोरच्या पडद्यावर दोन काळी-पांढरी चित्रं झळकत होती. डावीकडच्या चित्रात हृदयाचा उजवा कप्पा फुगून टम्म झालेला. उजवीकडच्या चित्रात तोच कप्पा कसा छान आवळून बसलेला!

"हे सहा आठवड्यांपूर्वीचं हृदय," फुंकरबाबा गरजले, "आणि हे आत्ताचं! मध्ये काय झालं? ऑपरेशन? नाही. इंजेक्शन? नाव काढू नका! नुसती फुंकर!"

असं म्हणून त्यांनी माईकमध्येच एक फुंकर घातली. स्पीकर खरखरले आणि पुढच्या दोन रांगांनी डोळे मिटून घेतले. चित्रातल्या हृदयाचे मालक शिंपीकाका मंचावर हात जोडून उभे होते. त्यांच्या गळ्यात मोजपट्टी तशीच होती, बिचारे दुकानातून थेट आलेले.

"गोळी काय करते?" बाबांची गाडी आता उतारावर लागली होती. "गोळी पोटात जाऊन दार लावून घेते. मग माझी फुंकर येते, दार ठोठावते, आणि परत जाते. दोष कुणाचा? फुंकरीचा?"

"नाही!" सभागृह ओरडलं.

तिसऱ्या रांगेत एमआरआयचा तंत्रज्ञ आपल्या धाकट्या बहिणीशेजारी बसला होता. धाकटीला शिंपीकाकांसारखाच आजार. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आखडून जातात, तिथला दाब वाढतो, आणि हृदयाचा उजवा कप्पा त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता थकतो, फुगतो. तिला तीन तऱ्हेच्या गोळ्या होत्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत अशा. त्यांनी तिचं डोकं ठणकायचं, तोंड लालबुंद व्हायचं. पण त्या गोळ्यांवर ती दोन जिने चढत होती आणि शाळेत शिकवत होती.

"दादा, तू फक्त बघ," ती येताना म्हणाली होती. "तुला त्यातलं कळतं. तू म्हणशील तसं मी करीन."

"सभेत कुणी जाणकार असेल तर वर यावं!" बाबांनी आव्हान दिलं. तंत्रज्ञ खाली बघत होता, पण धाकटीनं त्याचाच हात धरून वर केला. "माझा दादा! तोच चालवतो ते मशीन!"

पंधरा वर्षं दवाखान्यात त्याला सगळे 'अरे' म्हणून हाक मारत आले होते. इथे सहाशे माणसांनी 'साहेबांना' वाट करून दिली. वर त्याच्या हातात फिल्मचे दोन तुकडे ठेवले. तुकडे त्याच्याच मशीनवरचे होते, माणूस एकच होता, आणि चित्रांत काहीही रंगवलेलं नव्हतं. फक्त दोन्हींची खालची पट्टी, जिच्यावर तारीख आणि वेळ छापलेली असते, कापलेली होती. पट्टी कुठे गेली, असं त्याच्या मनात आलंही. पण तेवढ्यात माईक तोंडाशी आला, आणि खाली धाकटीचा चेहरा असा फुललेला दिसला की प्रश्न त्यानं गिळून टाकला.

"चित्रं खरी आहेत," तो म्हणाला. "आमच्याच मशीनवरची. एकाच माणसाची."

टाळ्या थांबेचनात. त्याला तेव्हा बरं वाटलं, खूपच बरं वाटलं, आणि पुढे आयुष्यभर त्याला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटणार होती.

धाकटीनं त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, "दादानं स्वतः तपासलंय." दादाला हे कळलं, पण सहाशे माणसांसमोर म्हटलेलं त्यानं मागे घेतलं नाही.

आठव्या दिवशी ती वर्गात फळ्यासमोर कोसळली. पायांवर सूज, ओठ निळसर. मेव्हण्यानं तिला उचलून आणलं. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी तातडीनं औषधं सुरू केली, आणि दोन दिवसांनी ती जरा सावरल्यावर म्हणाल्या, "उजवा कप्पा किती खचलाय ते बघायला हवं. एमआरआय करू या."

त्या दिवशी कामावर तोच होता. धाकटी बोगद्यासारख्या त्या मशीनमध्ये आडवी, तो काचेपलीकडे. त्यानं सवयीनं माईकचं बटण दाबलं. "श्वास घ्या. सोडा. आता रोखून धरा."

"मला 'धरा' म्हणतोस, दादा?" आतून तिचा आवाज आला. ती हसायचा प्रयत्न करत होती. मागच्या वर्षी ती पंधरा सेकंद श्वास रोखायची. आज सहाव्या सेकंदाला तिचा श्वास सुटला, खोकल्याची उबळ आली, आणि प्रत्येक चित्र तीन तीनदा काढावं लागलं.

मग तो पडद्यासमोर बसला. हृदयाचे दहा-बारा आडवे काप. प्रत्येक कापात उजव्या कप्प्याची कड माऊसनं दोनदा आखायची: एकदा कप्पा रक्तानं भरलेला असताना, एकदा आवळून रक्त बाहेर फेकल्यावर. दोन्हींतल्या फरकावरून कळतं की कप्पा किती जोर लावतोय. चांगलं हृदय आत आलेल्या रक्तातलं निम्म्याहून जास्त बाहेर फेकतं. धाकटीचं मागच्या वर्षी शंभरातलं अडतीस होतं. आज चोवीस आलं. त्यानं सगळ्या रेषा पुसून पुन्हा आखल्या. चोवीसच.

"गोळ्या का थांबवल्या होत्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मेव्हण्यानं खिशातून बाबांचं पत्रक काढून दिलं. त्यावर तीच दोन चित्रं छापलेली होती. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पत्रक डोळ्यांजवळ नेलं, आणि हृदयाकडे बघितलंच नाही. बोट ठेवलं ते खाली, कोपऱ्यातल्या काळ्या डागावर.

"हे काय आहे?" त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं.

"जठर, मॅडम. त्यातली हवा."

"आणि या दुसऱ्या चित्रात?"

हवेचा तोच डाग. तोच वाकडा आकार, तीच टोकाची शेपटी.

"सहा आठवड्यांत या माणसाला एक ढेकरही आला नाही वाटतं!" बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "अरे, ही एकाच ठोक्याची दोन चित्रं आहेत. एक कप्पा भरल्यावरचं, दुसरं आवळल्यावरचं. पेशंटला समजावं म्हणून फिल्मवर ती शेजारी शेजारी छापून कोण देतं?"

तो देत होता. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून द्यायचा, लोकांना बघायला आवडतं म्हणून. बाबांच्या माणसानं शिंपीकाकांना दिलेल्या त्या फिल्मला मधोमध कात्री लावली होती, खालची पट्टी उडवली होती, बस्स. आणि रोज दहा वेळा हाच फरक आखणारा माणूस मंचावर उभा राहून 'खरी आहेत' म्हणाला होता!

त्यानं धाकटीला सगळं सांगितलं.

"तुला कळायला हवं होतं, दादा."

"हो."

"मी रागावलेय तुझ्यावर. खूप रागावलेय." तिनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क सारखा केला. "पण आधी तिथे जा. माझ्यासारखे अजून असतील."

रविवारी सकाळी सभागृह पुन्हा खचाखच भरलेलं. बाबांना तो दारातच दिसला. "या, या! मागच्या वेळचे साहेब!" त्यांनी आपणहून माईक पुढे केला.

त्यानं आधी पडदेवाल्याला पेनड्राइव्ह दिला, मग मंचावर चढला. पडद्यावर एक हृदय हलू लागलं. फुगलं, आवळलं. फुगलं, आवळलं.

"हे माझं हृदय," तो म्हणाला. "काल संध्याकाळी मीच मशीनमध्ये झोपलो होतो. हे बघा, मोठं." त्यानं चित्र थांबवलं. "आणि हे लहान. मध्ये अर्धा सेकंदही गेला नाही. मला कुणी फुंकर घातली?"

बाबा हसत पुढे आले. "साहेब विनोदी आहेत..."

"शिंपीकाका," तो बाबांकडे न बघता मंचावरच्या काकांकडे वळला, "तुम्ही त्या मशीनमध्ये किती वेळा गेलात?"

"एकदाच!" शिंपीकाकांनी कानांवर हात ठेवले. "काय तो ठणठणाट! दुसऱ्यांदा घातलं असतं तर तिथेच आटोपलो असतो!"

"मग बाबांचं ते 'आत्ताचं' चित्र आलं कुठून?"

शिंपीकाकांनी बाबांकडे बघितलं. "मला वाटलं, बाबांनी आणलं असेल. मला कुणी विचारलंच नाही."

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. एका माणसानं एकदाच मशीनमध्ये जावं, आणि सहाशेंपैकी एकानंही एवढा साधा प्रश्न विचारू नये! फुंकरबाबा माईक मागत होते, त्यांचा एक शिष्य वायर ओढत होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या आजी उठल्या.

"पण बाळा, खरं आहे असं तूच म्हणालास ना रे?"

"मीच म्हणालो." तो मंचाच्या कडेशी आला. "चित्रं खरी होती, आजी. ती कधीची ते मी विचारलं नाही. मला साहेब म्हणालात आणि मी फुगलो. माझ्या त्या एका वाक्यावर माझ्या बहिणीनं गोळ्या सोडल्या. ती आज दवाखान्यात आहे, आणि तिचं जे गेलं ते सगळं परत येईलच असं नाही. म्हणून माझ्यावरही विश्वास ठेवू नका. कुणी चित्र दाखवलं तर तारीख विचारा. बरा झालेला माणूस दाखवला तर त्याच्या गोळ्या चालू होत्या का ते विचारा. विचारल्यानं जो चिडतो, त्याच्यापासून लांब राहा. आणि चालू गोळी, ज्या डॉक्टरनं दिली त्याला विचारल्याशिवाय, एक दिवसही सोडू नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"इथे गोळ्या कुणीकुणी बंद केल्यात?" त्यानं विचारलं. "हात वर करा."

बराच वेळ एकही हात वर होईना. मग नळकांडं घेऊन आलेल्या बाईंनी हात वर केला. मग भिंतीपाशी दोन, पायऱ्यांवर एक, मागे आणखी. त्यानं मोजले. चौदा.

"बाबांमुळे?" त्यानं त्या बाईंना विचारलं.

"नाही हो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बाबांचं ऐकूनही आम्ही घेतच होतो. तुम्ही दवाखान्यातले, तुम्ही हो म्हणालात, म्हणून सोडल्या."

त्यानं माईक खाली ठेवला, मंचावरून उतरला आणि त्यांच्या नळकांड्याच्या गाडीची मूठ हातात घेतली. "चला," तो म्हणाला. "मॅडम दिवसभर दवाखान्यात थांबणार आहेत. सगळे चला."