आवाज आधी, शब्द मग

इंग्रजीचं एक बरं आहे. तोंडातून काही आवाज निघायचा अवकाश, की त्याचं क्रियापद करून ती भाषा मोकळी. कुणी घसा खाकरत ‘हरंफ’ केलं की तो हरंफला. कुणी ‘पू-पू’ म्हणत दुसऱ्याचं बोलणं उडवून लावलं की तिनं त्याला पूपूवलं. आता हे सगळं मराठीत आणायचं कुणी? तर बाबांनी. बाबा इंग्रजी कादंबऱ्यांची भाषांतरं करायचे, आणि उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून साधं ‘अरेच्चा’सुद्धा कधी निघालं नव्हतं. माणूस भलताच भिडस्त.

म्हणून घरात एक रीत पडली होती. असलं क्रियापद आडवं आलं की बाबा खोलीतून वाक्य मोठ्यानं वाचायचे आणि आई, असेल तिथून, तो आवाज काढून दाखवायची. भांडी घासता घासता, केस विंचरता विंचरता. आवाज आधी, शब्द मग. ‘पू-पू’ करताना तिनं मान अशी काही उडवली होती की बाबांनी लगेच लिहिलं, ‘तिनं त्याला झटकून टाकलं.’

“इंग्रजीला हसू नका हो,” आई म्हणायची. “आपण नाही का शुकशुक करत? हाडहूड करत?” आणि स्वतःच हसत सुटायची.

पुस्तकावर नाव बाबांचं, पण निम्मं पुस्तक तिच्या गळ्यातून आलेलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिला तसं कधी म्हणाले मात्र नाहीत.

त्या सकाळी एका जाडजूड खलाशापाशी गाडी अडली होती. तो खुर्चीत बसताना ‘ऊफला’ होता. बाबांनी वाक्य वाचलं. स्वयंपाकघरातून आवाज आला. ऊफ्. खोल, पोटातून आलेला, अगदी अवजड माणसाचा. इतका हुबेहूब तिला आजवर कधी जमला नव्हता.

“वा! पुन्हा एकदा!” बाबा खुशीत ओरडले आणि त्यांनी पेन उचललं.

थोड्या वेळानं ते पाणी प्यायला उठले, तेव्हा ती ओट्यापाशी पडलेली होती. डॉक्टर आले. हृदय बंद पडलं म्हणाले, फार त्रास झाला नसेल म्हणाले.

लेक दूरगावी नोकरीला. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. दारातच तिनं विचारलं, “बाबा, आई शेवटचं काय बोलली?” आणि बाबा खोटं बोलले. “‘ठकू कधी येणार’ म्हणाली.” ठकू हे तिचं घरातलं नाव. लेकीनं ते वाक्य उराशी धरलं. नवऱ्याला फोनवर सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, रडता रडता हसून सांगितलं. ते कानावर पडलं की बाबांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खरं सांगावं, तर पोरीजवळचं तेवढंही जाणार, आणि त्याबरोबर कदाचित बापही.

परतायच्या दिवशी ती आईचं कपाट आवरत होती. शालीची घडी घालता घालता थांबली आणि बाबांसमोर येऊन बसली.

“बाबा, ते वाक्य एकदा आईसारखं म्हणून दाखवा ना. आपल्या घरच्या रीतीनं. आवाज आधी.”

“मला कुठे जमतं गं ते!”

“जमेल तसं. मला तेवढंच सोबत न्यायचंय.”

बाबांनी ‘ठकू’ म्हणायला तोंड उघडलं. पण जे घडलंच नव्हतं त्याला आवाज कुठून आणायचा? त्यांच्या कानात दिवसरात्र दुसरंच काही घुमत होतं. तेच बाहेर पडलं. ऊफ्. खोल, पोटातून.

लेकीच्या हातातली शाल तशीच राहिली. “हे काय होतं?”

“हेच होतं,” बाबा म्हणाले. “दुसरं काही ती बोललीच नाही. मी खोटं सांगितलं तुला.” मग त्यांनी सगळं सांगितलं. खलाशी, ते वाक्य, आपलं ते ‘वा! पुन्हा एकदा!’ “मला वाटलं, ती करून दाखवतेय.”

तिनं शाल मांडीवर ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “तुम्ही ‘पुन्हा’ म्हणालात, ते तिला ऐकू गेलं असेल का हो?”

हाच प्रश्न बाबा स्वतःलासुद्धा विचारू देत नव्हते.

“गेलं,” ते म्हणाले.

“कशावरून?”

“तिनं पुन्हा काढला. बारीकसा. पहिला दुखण्याचा होता, ठकू. दुसरा तिनं माझ्यासाठी काढला. आणि मी मान खाली घालून लिहीत होतो.”

एवढं बोलून बाबा मोठ्यानं रडू लागले. लेकीचा हात पाठीवर येईल, असं त्यांना वाटलं. तो आला, पण फार उशिरा आला.