पाचव्या दिवशी मशीनवर

सुनेला काही म्हणजे काही कळत नव्हतं. सहाव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं, त्याला जेमतेम पाच दिवस झालेले, आणि ही सकाळी वेणी घालून सासूबाईंच्या शिवणाच्या दुकानात हजर. डोळ्यांत टिपूस नाही. मशीनवर बसली ती खाली मान घालून शाळेच्या गणवेशांना कॉलरी लावत सुटली. एखादा टाका वाकडा गेला असता तर सासूबाईंना निदान खेकसायला जागा मिळाली असती. तीही नाही.

"घरी भिंतीकडे बघत पडायला कुणी मना केलं होतं?" कापड बेतता बेतता त्यांनी तोंड सोडलं.

"भिंत बघून झाली, आई."

काजं करणारी बाई फिसकन हसली. सासूबाईंनी कात्री हातात धरूनच तिच्याकडे पाहिलं, तशी ती पुन्हा काजात शिरली.

दुपारी सून इस्त्रीपाशी गेली. तिचा ब्लाउज पुढून ओला झाला होता, दोन्हीकडे सारखाच. "पाणी सांडलं वाटतं," म्हणाली, आणि गरम इस्त्री उचलून तशीच छातीशी नेऊ लागली.

सासूबाईंनी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"अगं, दूध आहे ते."

"बाळ नसलं तरी येतं?"

"येतं. दवाखान्यात सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल. मला ऐकू येत नव्हतं."

सासूबाईंनी आवाज खाली आणला. "अंगावरून जातंय अजून?"

"पायडल मारलं की जास्त जातं."

"मग बसलीस कशाला, मेले?"

"तुमचं बाळ गेलं तेव्हा तुम्ही तिसऱ्या दिवशी बसला होतात ना. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

सांगत होत्याच. तीस वर्षं, दुकानात येईल त्या प्रत्येकीला, मान ताठ करून. त्या दिवशी काय शिवलं, कुणाचं शिवलं, हे मात्र त्यांना कधीच आठवलं नव्हतं. महिनाभराचंच आठवत नव्हतं.

त्यांनी अस्तराच्या मऊ कापडाच्या दोन घड्या केल्या, सुनेच्या ब्लाउजात सरकवल्या आणि मशीनचा पट्टा उतरवून स्वतःच्या पिशवीत टाकला.

"तिसऱ्या दिवशी बसले तेव्हा माझी अक्कल गहाण पडली होती. तू बाळंतीण आहेस, बाळ नसलं तरी. चप्पल घाल, आधी दवाखाना, मग अंथरूण. आणि महिनाभर या दुकानात दिसलीस तर माझ्याशी गाठ आहे."