शंभर ग्रॅमचाही फरक नाही

गुडघ्याचं ऑपरेशन हवं असेल तर वजन अठ्ठ्याण्णववरून नव्वदवर आणा, चार महिन्यांनी भेटू, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की चार महिने कशाला, एका महिन्यात आणतो. लेकीने वाटेत त्यांची समजूत घातली. आठवड्याला अर्धा किलो, रोज अर्धा तास चालणं, आणि रविवारी सकाळी चहाच्या आधी वजन. बाबा म्हणाले, बाजारातल्या घासाघिशीत तुझ्यासारखी कोणी बघितली नाही.

बाबा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. घरात नवा काटा आला तेव्हा त्यांनी आधी त्याचीच झडती घेतली. कपाटातून आपली जुनी पितळी वजनं काढून एकेक करून त्यावर ठेवली आणि काटा बरा आहे असा निर्वाळा दिला. मग कुठे स्वतः उभे राहिले. त्यातही पोट आत ओढून. लेक म्हणाली, काट्याला पोट दिसत नाही. बाबा म्हणाले, तुला दिसतं ना.

पाच रविवार सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. बाबा काट्यावर उभे राहत, लेक वाकून आकडा बघे आणि काही न बोलता वहीत लिही. पाचव्या रविवारी पंच्याण्णव पॉइंट चार.

त्यानंतर आकडा जागचा हलेना. पंच्याण्णव पॉइंट चार, पुन्हा पंच्याण्णव पॉइंट चार. लेकीने बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. बाबांबरोबर चालायला जाणाऱ्या शेजारच्या काकांची उलटतपासणी केली. काका शपथेवर म्हणाले की वाटेत बेकरी लागते, पण तुझे वडील त्या बाजूला मानही वळवत नाहीत. इकडे बाबांच्या पट्ट्याला नवं भोक पडलं होतं आणि शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. नवव्या रविवारी पुन्हा तोच आकडा आला, तेव्हा तिला शंका आली. जिवंत माणसाचं वजन इतकं शिस्तीत राहत नाही.

बाबा काट्यावरून उतरताना त्यांचा स्वेटर दाराला घासला आणि खण्णकन आवाज झाला. तिने हात पुढे केला. बाबांनी निमूटपणे दोन्ही खिशांतून एकेक किलोचं पितळी वजन काढून दिलं. दोन्ही बाजूंना सारखं, तोल सांभाळून.

"बाबा, लोकांची खोटी वजनं पकडण्यात तुमची हयात गेली."

"ते कमी भरायचे. मी जास्त भरलं. कलम वेगळं लागेल."

दर शनिवारी ती आंघोळीला गेली की ते गुपचूप वजन करत. जेवढं उतरलं असेल तेवढं दुसऱ्या दिवशी खिशात घालत. आधी अर्धा किलो, मग एक, मग दीड.

"पण का? ऑपरेशन नको आहे का तुम्हाला?"

बाबा पलंगावर बसले. गुडघा चोळत राहिले.

"पाचव्या रविवारी आकडा लिहिताना तुझा हात थांबला," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या आजारपणात दर आठवड्याला वजन लिहायचीस, तेव्हा थांबायचा तसाच. म्हटलं, गुडघा काय, अजून थोडी वाट बघेल."

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या सगळ्या आठवड्यांत उतरणारा आकडा म्हणजे एकच बातमी असायची.

तिने दोन्ही वजनं टेबलावर ठेवली. "उठा. पुन्हा उभे राहा."

बाबा उभे राहिले. या वेळी पोट आत ओढायचं विसरले. ती वाकली आणि वाकलेली राहिली.

"किती?"

"त्र्याण्णव पॉइंट चार," ती म्हणाली. आवाज थोडा कापला, पण आकडा पूर्ण बाहेर आला. "छान आहे, बाबा. साडेतीनच किलो राहिले." मग तिने वही आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "यापुढे तुम्ही लिहा. मी मोठ्याने वाचेन."

बाबांनी चष्मा लावला. लिहिता लिहिता म्हणाले, "तीन पॉइंट चार राहिले. साडेतीन म्हणायचं नाही. शंभर ग्रॅमसाठी मी दुकानं बंद केली आहेत."

आणि ती बऱ्याच दिवसांनी हसली.