टेकडीवरची गिरिपुष्पं

ह्यांना जाऊन चार महिने झाले. मला अजून रडू आलेलं नाही. भेटायला येणारे माझ्या तोंडाकडे बघत बसतात आणि मी चहा टाकते.

मैत्री आली तेव्हाही टाकला. ती माझी जुनी विद्यार्थिनी. हल्ली वारज्याच्या टेकडीवर मूळचं गवत परत आणायचं काम करते. त्यासाठी तिथली गिरिपुष्पाची परकी झाडं काढायची होती, आणि ती ह्यांनी लावलेली. बँकेतून निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं हा माणूस रोज सकाळी पाण्याचे दोन कॅन घेऊन टेकडी चढला. बाई हो म्हणाल्या तरच झाडांना हात लावू, असं तिच्या मंडळानं ठरवलं होतं. पुण्यात कुणी कुणाचा एवढा विचार करतं, हे मला नवीन होतं.

मी तीस वर्षं कॉलेजात हेच शिकवलं. माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, चंडोल गवताच्या बुडाशी घरटं करतो. तिथं परकी झाडं दाट लावली की सावलीत गवत मरतं, मग किडे जातात, मग पक्षी. मुलांनी हे चुकवलं की मी मार्क कापायचे. आणि घरी ह्यांनी मोबाइलवर हिरवी टेकडी दाखवली की 'छान' म्हणायचे. निवृत्तीनंतर सहा महिने हे भिंतीकडे बघत बसले होते. टेकडीनं त्यांना उठवलं. तेवढ्यासाठी मी टिटव्या जाऊ दिल्या.

"किती ठेवायची, मॅडम? आठवण म्हणून दोन-चार?"

"एकही नको. कागद दे."

सही केली. काहीच वाटलं नाही, आणि त्याची थोडी लाज वाटली.

मैत्री कागद घेऊनही उठेना. "मॅडम, काकांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच विचारलं, इथं पक्षी का दिसत नाहीत. मी सगळं सांगितलं."

"आणि तरी पाणी घालत राहिले?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, मी टेकडीवर गेलो की सुहासिनीला बरं वाटतं. तिला काही बोलू नकोस."

दुखरे गुडघे घेऊन दोन वर्षं हे माझ्यासाठी चढत होते. दोघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर ती झाडं उपटायला आम्ही मिळून गेलो असतो.