सर्वांत तत्पर बाप

पोरगी चार महिन्यांची झाली, तरी तंत्रज्ञाला तिचं रडणं काही ऐकू येत नव्हतं. कान ठणठणीत होते. स्वयंपाकघरात बिस्किटांचा पुडा फोडला, तर तो बाहेरच्या खोलीतून "मलाही दोन" म्हणून ओरडे. पण पाळण्यातून "ट्यँऽ" झालं, की हातातलं वर्तमानपत्र आणखी वर चढे.

"पुरुषाच्या मेंदूत ती सोयच नसते," तो बायकोला सांगे. "मेंदूची चित्रं काढतो मी. मला विचार."

बायको अर्धवट मिटल्या डोळ्यांनी उठे. मदतीला आलेल्या त्याच्या सासूबाई तोंडाने काही बोलत नसत; त्यांच्या हातची भांडी बोलत.

इस्पितळात मेंदूची चित्रं काढणारं मशीन तो चालवायचा, हे खरंच होतं. ती चित्रं वाचायचं काम मात्र डॉक्टरीणबाईंचं. त्यांनी एक अभ्यास काढला होता. माणसाला मशीनमध्ये झोपवायचं, कानांवर तान्ह्या बाळांचे आवाज सोडायचे आणि मेंदू काय करतो ते बघायचं. एक बाप कमी पडत होता. तंत्रज्ञाने लगेच हात वर केला; लेखी पुरावा आयता मिळत होता.

"मी सातव्या नंबरचा बाप," त्याने घरी ऐटीत सांगितलं. "निकाल लागला की फ्रेम करून लावू."

मशीनमध्ये त्याला आधी मांजराचं म्यांव ऐकवलं, मग दाराची करकर, मग कुठल्याशा बाळाचा टाहो. तो डोळे मिटून मजेत पडून राहिला.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. त्या खुशीत होत्या.

"कमाल आहे तुमची! बाळ रडलं आणि पापणी लवायच्या आत मेंदू खडबडून जागा. हातपाय हलवायची तयारी करणारा हा भाग बघा. उठून धावायच्याच बेतात होतात तुम्ही."

"मशीन बिघडलं असेल, मॅडम."

"रोज सकाळी तपासता ना तुम्ही?"

तो कसनुसा हसला. "मग घरी मी उठत का नाही?"

"त्याचं चित्र आपल्याकडे निघत नाही," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

त्याने निकाल घरी न्यायचाच नाही असं ठरवलं. पण शुक्रवारी बायको आणि सासूबाई पोरीला लस टोचायला तिथेच घेऊन आल्या. बाहेरच्या फलकावर अभ्यासाची चित्रं लागली होती. नावं अर्थातच गुप्त, नुसते आकडे. सातव्या मेंदूखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'सर्वांत तत्पर बाप'. बायकोने ते दोनदा वाचलं. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं.

मग आत सुई टोचली आणि पोरीने इस्पितळ डोक्यावर घेतलं. तिला घेऊन दोघी बाहेर आल्या, तर समोरून तंत्रज्ञ चहाचा कप घेऊन येत होता. तो मागच्या मागे वळणार, एवढ्यात सासूबाई आडव्या आल्या.

"जावईबापू, चहा मी धरते."

पोरगी त्याच्या हातात आली. मान कशी सावरायची, इथपासून तयारी. सासूबाईंच्या सांगण्यावरून तो तिला घेऊन फेऱ्या मारू लागला. अंगाई येत नव्हती, म्हणून मशीनचा आवाज काढू लागला : ठकठक, घूंऽ, ठकठक. पोरगी हुंदके देत थांबली, त्याच्या तोंडाकडे टकमक बघू लागली आणि मग एकदम "अग्गूऽ" म्हणाली. तिसरी फेरी त्याने कुणी न सांगता मारली.

पुढल्या सोमवारपासून तो भेटेल त्याला ऐकवू लागला, "बापाच्या मेंदूची सर आईच्या मेंदूला यायची नाही. सिद्ध झालंय!"

बायकोच्या कानांवर ते गेलं. तिने पोरगी त्याच्या मांडीवर ठेवली आणि भरदुपारी पांघरूण ओढून झोपून गेली.