शीळ ऐकू न आलेली कानसेन

ऑफिसात तिला सगळे कानसेन म्हणत. कंपनी गेमिंग कन्सोल बनवायची आणि त्या यंत्रांचा आवाज ऐकणं हे तिचं काम. पंखा घरघरतोय का, झाकण थरथरतंय का, बटणाची टिकटिक कानाला टोचते का, हे ती मायक्रोफोनच्या आधी सांगायची. एकवीस वर्षांत तिच्या हाताखालून चार कन्सोल बाजारात गेले होते. पाचवा वर्षभराने येणार होता.

या पाचव्यात डिस्क घालायची फटच नव्हती. हार्डवेअर विभागाचे प्रमुख, म्हणजे साहेब, प्रत्येक बैठकीत एकदा तरी म्हणत, "यानंतर कदाचित खोकं उरणारच नाही. गेम थेट तारेतून टीव्हीत येतील. तेव्हा हे खोकं असं करा, की ते घरात आहे हे माणूस विसरून गेला पाहिजे."

विसरायचं म्हणजे आधी त्याचा आवाज विसरला गेला पाहिजे. त्यामुळे सगळी भिस्त कानसेनवर. नमुन्याचं पहिलं मशीन आलं तशी ती ते घेऊन शांत खोलीत जाऊन बसली. त्या खोलीच्या भिंतींना जाड स्पंज लावलेला होता. आत आपलाच आवंढा आपल्याला ऐकू येई. तीन तास ती डोळे मिटून बसली होती. पंख्याचा सूर झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा एकसारखा होता. मीटरवरचा आकडाही मर्यादेच्या बराच खाली. तिने फॉर्मवर लिहिलं, 'खटकण्यासारखं काही नाही', आणि झोकात सही ठोकली.

जुन्या माणसांनी नमुना पंधरा दिवस घरी वापरून बघायचा, अशी कंपनीची रीत होती. नाव-गाव नसलेलं ते काळं खोकं तिने टीव्हीखाली मांडलं. नवरा खूश झाला. तो दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा कोरायच्या आणि रविवारी सकाळी फुटबॉलचा गेम लावून बसायचं, हा त्याचा विरंगुळा. त्या रविवारी तो गेमच्या मेनूवर संघ निवडत बसला होता आणि सतरा वर्षांची मुलगी जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून अभ्यास करत होती. तिला गेमचं फारसं वेड नव्हतं. काय खेळायचं ते ती फोनवरच खेळे.

"बाबा, ते बंद करा ना," ती म्हणाली. "डोकं उठलंय माझं."

"टीव्ही बारीक करू का?" कानसेनने विचारलं.

"टीव्हीचं नाही गं आई. ती शीळ."

"कुठली शीळ?"

मुलीने मान वर करून आईकडे पाहिलं. आई चेष्टा करतेय असंच तिला वाटलं. "ती काय, चालू आहे की आत्ता!"

कानसेनने टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि गुडघ्यांवर बसून खोक्याला कान लावला. पंख्याचा श्वास तेवढा ऐकू आला. "तुला येतंय काही?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मला?" तो हसला. "वीस वर्षं कानाशी ड्रिल घेऊन बसतोय मी. मला तू हाक मारलेली ऐकू येते हेच खूप."

तिने मुलीला टीव्हीकडे पाठ करून बसवलं. नवऱ्याने कधी मॅच सुरू करायची, कधी मेनूवर परत यायचं आणि मुलीने नुसतं सांगायचं. "आहे... गेली... परत आली." मेनू आला की शीळ चालू, मॅच सुरू झाली की बंद. बारा वेळा केलं आणि बाराही वेळा पोरगी बरोबर निघाली.

दुपारी कानसेनने फोनवर सूर चढवत नेणारं अ‍ॅप लावलं. दोघी पलंगावर समोरासमोर बसल्या. सूर ऐकू येतोय तोवर बोट वर ठेवायचं. आकडा अकरा हजार हर्ट्झच्या पुढे सरकला आणि कानसेनचं बोट खाली आलं.

"आई, चालू आहे अजून."

"हो?"

आकडा सोळा हजारांवर गेला तरी मुलीचं बोट वरच होतं. मग तिने आईचा चेहरा पाहिला आणि हळूच फोन बंद केला. "वयाने होतं गं तसं. सगळ्यांचंच होतं," ती म्हणाली. कानसेन चहा टाकायला उठली. गॅस पेटवायचा राहून गेला आहे हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली आणि नमुन्याच्या आवाजाच्या मोजणीचा पूर्ण आलेख उघडला. अहवालातला आलेख बारा हजारांवर कापलेला असायचा. त्याच्या वर बघण्यासारखं काही नसतं, असं सांगून तो कधी काळी तिनेच कापायला लावला होता. आता पंधरा हजारांपाशी सुईसारखी एक बारीक रेघ उभी दिसत होती. मेनूत मशीनला काही काम नसे, त्यामुळे ते एकच चित्र सेकंदाला हजारो वेळा काढत बसे आणि त्या तालावर वीजपुरवठ्याच्या बोर्डावरची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, थरथरून शीळ घाले.

बैठकीत तिने आलेख दाखवला. साहेबांनी टेबलावर थाप मारली. "बघा! मीटर फसलं, पण हिच्या कानांतून सुटलं नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने पाण्याचा घोट घेतला. गप्प बसली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.

"मला ऐकू आलं नाही, साहेब," ती म्हणाली. "अजूनही येत नाही. माझ्या मुलीला आलं. मी केलेली सही चुकीची होती."

"छे, काहीतरीच," साहेब तिला सावरून घ्यायला म्हणाले. "एवढं तर मलाही येतं." ते टेबलावरच्या मशीनकडे वाकले. "हे काय, येतंय की!"

कॉलेज संपवून इलेक्ट्रिकल विभागात नुकतीच आलेली मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "साहेब, मशीन बंद आहे."

सर्वांत मोठ्याने साहेबच हसले.

नंतर त्यांनी कानसेनला केबिनमध्ये बोलावलं. ती तयारी करूनच गेली होती. "ऐकायचं काम त्या इलेक्ट्रिकलच्या पोरीला द्या," ती म्हणाली. "काय ऐकायचं ते मला कळतं आणि तिला ते ऐकू येतं. दोघी मिळून एक धड माणूस होऊ."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "आणि फॉर्मवर सही?"

"दोघींची. आणि आलेख आता पूर्ण छापायचा. शिवाय विशीच्या आतली सहा माणसं बसवल्याशिवाय मशीन पुढे जाणार नाही."

मेनूच्या चित्रांचा वेग आवळायला दोन दिवस लागले. कॉइल डिंकासारख्या रसायनात घट्ट बसवायला तीन आठवडे गेले. मग सहा पोरं शांत खोलीत बसली, त्यांत तिची मुलगीही होती. इलेक्ट्रिकलची मुलगी वही घेऊन शेजारी, आणि कानसेन दाराशी. पाच जणांनी पटापट नकारार्थी माना हलवल्या. लेक मात्र डोळे मिटून कितीतरी वेळ बसून होती.

"काय?" कानसेनला राहवेना.

"काही नाही. मशीन गप्प आहे."

"नक्की?"

"हो. तुझं पोट वाजतंय, तेवढं ऐकू येतंय."

दोन वाजून गेले होते. कानसेनने फॉर्म इलेक्ट्रिकलच्या मुलीपुढे सरकवला. "आधी तू कर," ती म्हणाली. तिने सही केल्यावर कानसेनने खाली आपली केली आणि सगळ्यांना घेऊन कँटीनकडे निघाली.